पथारीवरचं बोलणं

माझी मुलगी दोन वर्षं तीन महिन्यांची झाली तरी एक शब्द बोलत नव्हती, आणि मी पहिलीच्या वर्गाची बाई. लोकांची पोरं बोलती करणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. सातपुड्यातून उतरलेली, घरी पावरी बोलणारी, पहिले दोन महिने भिंतीला चिकटून बसणारी पोरंसुद्धा दिवाळीपर्यंत माझ्यासमोर ताठ उभी राहून स्वतःचं नाव, गाव, वडिलांचं नाव सांगायची. तपासणीला साहेब आले की मुख्याध्यापक त्यांना आधी माझ्या वर्गात आणत. आणि घरी आलं की माझी स्वतःची मुलगी माझ्याकडे नुसती बघत राही, एखाद्या समजूतदार म्हातारीसारखी.

उपाय सांगायला कोणी कमी नव्हतं. म्हसावदहून आईने पोपटाने चोच मारलेला पेरू फडक्यात बांधून भावाच्या हाती पाठवला. शेजारच्या काकूंनी मधात वेखंड उगाळून जिभेला लावायला सांगितलं. नणंद म्हणाली, तिच्यासमोर मोबाइल बंद करा. मावससासू म्हणाल्या, मोबाइलवर बडबडगीतं लावा. मी पेरू सोडून सगळं केलं. पेरू मीच खाल्ला, रागारागाने, ओट्याशी उभं राहून.

माझी स्वतःची पद्धत होती ती चित्रांच्या कार्डांची. रोज जेवण झालं की मी तिला समोर बसवायची आणि एकेक कार्ड दाखवायची. हा कावळा. म्हण, का-व-ळा. ती कार्डाकडे बघायची, मग माझ्या तोंडाकडे, मग हात उचलून हवेत काहीतरी करायची. मी तो हात धरून खाली ठेवायची. हाताने नाही, तोंडाने सांग. वर्गात मी हेच सांगते. एकदा पोरांना हातवाऱ्यांची सवय लागली की तोंड उघडत नाहीत, असं माझं पक्कं मत. मी डी.एड.ला असताना माझ्या अहिराणीला सगळा वर्ग हसला होता, तेव्हापासून बोलण्याच्या बाबतीत मी जरा जास्तच कडक झाले आहे. जरा नाही, बरीच.

दिवसभर ती सासूबाईंजवळ असायची. कोरीटच्या शिवारात रस्त्याला लागून आमची मिरचीची पथारी आहे. पथारी म्हणजे उघडं सपाट रान. दिवाळीपासून होळीपर्यंत त्यावर ओली लाल मिरची वाळायला पसरलेली असते, आणि पन्नास-साठ बाया ती उलटवत, निवडत, देठ खुडत बसलेल्या असतात. सासूबाई तीस वर्षं ते काम बघतात. त्या पोरीला बरोबर न्यायला लागल्या तेव्हा मी भांडले. मिरचीची धूळ तिच्या नाकातोंडात जाईल म्हणाले.

"वारा जठून येस तठे बसाडस मी तिले," सासूबाई म्हणाल्या. "तुन्हा नवरा बी तठेच मोठा व्हयना."

माझ्यापाशी दुसरी सोयही नव्हती. मी रोज सव्वापाच-साडेपाचला शाळेतून यायची, पथारीच्या कडेला रस्त्यावर स्कूटी उभी करून हॉर्न वाजवायची आणि सासूबाईंच्या बोटाला धरलेल्या मुलीला पुढे उभी करून घरी न्यायची. आत कधी गेले नाही. मला लगेच ठसका लागतो.

संक्रांत झाल्यावर तिला नंदुरबारला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिच्या पाठीमागे टाळी वाजवली, किल्ल्या खुळखुळवल्या. ती दर वेळी वळून बघायची. "ऐकू तर येतंय," ते म्हणाले. "तरी मशीनवर एकदा बघून घेऊ. तपासणारा माणूस पंधरा दिवसांनी येतो." मग पेन हातात घेऊन त्यांनी मला विचारायला सुरुवात केली.

"तिला काय हवंय ते ती कसं सांगते?"

"रडते."

"आणि रडली नाही तर?"

"तर काहीच सांगत नाही."

"माणसांकडे बघते?"

"बघते. पण पुष्कळदा शून्यात बघत असते. मी संध्याकाळी घ्यायला जाते तेव्हा तर रोज आभाळाकडे टक लावून उभी असते. मी समोर आले तरी पटकन लक्ष जात नाही."

हे शेवटचं त्यांनी लिहून घेतलं. मी स्वतः वर्षानुवर्षं मुलांच्या नोंदी लिहीत आले आहे. समोरचा काय बोलला की आपला हात आपोआप कागदाकडे जातो, ते मला कळतं. ते एवढंच म्हणाले की काही मुलांना माणसांशी जोडून घ्यायला जमत नाही, तसं असेल तर नाशिकला दाखवावं लागेल, पण आत्ताच घाबरू नका. पंधरा दिवस नीट लक्ष ठेवा. ती काय सांगते, कसं सांगते, लिहून आणा. दिवसभर जिच्याजवळ असते तिलाही विचारा.

परत येताना मी स्कूटी दोनदा थांबवली. मला तिने 'आई' म्हणावं एवढंसुद्धा आता मागायचं नव्हतं. भीती वेगळीच होती. या एवढ्याशा डोक्यात काय चाललंय ते मला कधीच कळणार नाही, आम्ही दोघी एका घरात जन्मभर राहू आणि ती माझ्यासाठी बंद दारच राहील, ही ती भीती. ती पुढे उभी होती, दोन्ही हातांनी आरसा धरून, वाऱ्याने डोळे मिचकावत.

सासूबाईंना रात्रीच्या भाकरी करताना सगळं सांगितलं. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पोर मुकी नही शे. तू तिनाकडे देखस कव्हय?"

मला राग आला. दिवसभर तीस पोरांकडे बघून मी घरी येते ती हिच्याकडे बघायलाच, असं काहीतरी मी बोलले. पण शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर घरी न जाता, स्कार्फ नाकातोंडावर घट्ट बांधून, वर्गातली नोंदवही पिशवीत घालून, मी पहिल्यांदा पथारीच्या आत शिरले.

आत गेल्यावर सगळ्यात आधी जाणवली ती शांतता. पन्नास-साठ बाया एका जागी आणि बोलण्याचा आवाज नाही, हे मी जन्मात ऐकलं नव्हतं. प्रत्येकीच्या तोंडाला फडकं बांधलेलं, फक्त डोळे उघडे. फडक्याआडून बोलायला गेलं तरी श्वास जोरात आत जातो आणि ठसका लागतो, म्हणून या बाया बोलतच नाहीत. म्हणजे बोलतात, पण हातांनी. एकीने पालथी मूठ सुलटी केली की त्या पट्ट्यातली मिरची उलटवायची. दोन बोटं गळ्यावर आपटली की पाण्याची घागर तिकडे जाते. उताणा हात नाकावर धरला की वारा फिरला, तोंड वळवा. आणि नुसतं कामाचंच नाही. एक बाई दुसरीला लांबून कुणाच्या तरी लग्नाबद्दल सांगत होती आणि तिसरी त्यावर हसून लोळायची बाकी होती. मी अर्धा तास बसूनही मला त्यातलं निम्मं कळलं नाही.

कडुनिंबाखाली, वाऱ्याच्या वरच्या बाजूला, सासूबाई बसल्या होत्या. त्यांच्यासमोर माझी मुलगी आणि धडगावकडच्या डोंगरातून हंगामाला आलेल्या एका कुटुंबाची पोर, हिच्याहून वर्षभराने मोठी, अशा दोघी मातीत खेळत होत्या. मी मागच्या बाजूने येऊन बांधाआड बसले. स्कार्फमुळे मी त्या गर्दीतली एक बाई झाले होते, मुलीने माझ्याकडे ढुंकून बघितलं नाही.

मग ती उठली. पथारीच्या कडेला गेली आणि वीस-पंचवीस पावलांवरच्या एका बाईकडे बघून तिने ओठांजवळ बोटं नेऊन मिशीला पीळ दिला, भुवया वर केल्या. त्या बाईने मान हलवली आणि हाताने रस्त्याकडे, लांब, असं दाखवलं. मुलीने मान डोलावली आणि परत येऊन खेळायला बसली.

मी बांधाआडूनच सासूबाईंजवळ सरकले, कुजबुजले. "हे काय केलं तिने?"

"बापले इचारी ऱ्हायनी, कथा गया म्हणीसन."

माझ्या नवऱ्याला मिशी नाही. कॉलेजात असताना होती म्हणे, ऐटबाज, आणि पथारीवर तो कामाला यायला लागला तेव्हा बायांनी त्याची खूण मिशी ठरवली. लग्नाआधीच त्याने ती काढून टाकली, पण पथारीवर त्याचं नाव तेच राहिलं. माझ्या मुलीने बापाच्या तोंडावर मिशी कधी बघितलेली नाही. तरी ती मिशीला पीळ देते आणि तिच्या मनात बाप उभा राहतो. जे दिसत नाही, कधी दिसलंच नाही, त्याच्या जागी एक खूण धरायची आणि त्या खुणेने समोर नसलेल्या माणसाची चौकशी करायची. पोरं अक्षर शिकतात तेव्हा मी हेच शिकवते, त्याला मला अख्खं वर्ष लागतं, आणि हे पोर मातीत बसून, कुणी न शिकवता ते करत होतं. मी नोंदवही उघडली होती, पण लिहायचं राहूनच गेलं.

पुढच्या तासाभरात मी जे बघितलं ते एरवी कुणी सांगितलं असतं तर मी खोटं म्हटलं असतं. पालथी मूठ सुलटी करायची ती मिरची उलटवण्याची खूण. माझ्या मुलीने ती खूण करून सासूबाईंना मांडीवरची गोधडी उलटी करायला लावली, कारण तिला मागचं फुलांचं कापड हवं होतं. थोड्या वेळाने तीच खूण करून तिने डोंगरातल्या त्या पोरीला बांगडीचा तुकडा उलटा करून दाखवायला सांगितला. मिरचीवरून गोधडीवर आणि गोधडीवरून बांगडीवर तिचं तीच गेली होती. आणि ती मोठी पोर घरी पावरी बोलते, आमच्या घरात अहिराणी चालते, मी शुद्ध मराठीचा आग्रह धरते. त्या दोघींना यातली कुठलीच भाषा एकमेकींशी बोलायला लागत नव्हती. त्या भांडत होत्या, समजूत काढत होत्या, एकीने दुसरीला फसवलंसुद्धा. माझी मुलगी त्या पोरीला हाक मारताना स्वतःच्या कानाची पाळी ओढायची, कारण त्या पोरीच्या कानात मोठे लाल मणी होते.

मग एकदम ती थांबली. उभी राहिली, आणि लांबच्या बाईकडे बघून तिने ओठांवर बोट ठेवलं, आभाळात हात फिरवला आणि भुवया वर केल्या. बाईने हात उंच करून पश्चिमेकडच्या विजेच्या टॉवरकडे दाखवलं. मुलीने टॉवरकडे बघितलं, सूर्याकडे बघितलं. सूर्य अजून डोक्यावर होता. तिने सुस्कारा टाकला. सव्वादोन वर्षांचं पोर खराखुरा सुस्कारा टाकताना मी तेव्हाच पाहिलं.

"आता कोणाबद्दल विचारलं?" मी म्हणाले.

सासूबाई म्हणाल्या, "ते तुन्हं नाव शे. तू कव्हय येशी म्हणीसन इचारस. रोज इचारस, दिनमां धा खेपा."

ओठांवर बोट. हाताची घडी, तोंडावर बोट. वर्गात दिवसातून वीस वेळा मी हे म्हणते आणि करून दाखवते, आणि घरी वह्या तपासताना, फोनवर बोलताना, ती मध्ये आली की तिच्याकडे न बघता माझं बोट ओठांवर जातंच. पथारीवरच्या बायांनी मला नाव दिलेलं नव्हतं. ते तिने स्वतः शोधलं होतं.

आणि सूर्य टॉवरशी आला की मी येते, हे त्या बायांनी तिला सांगितलेलं होतं. म्हणून संध्याकाळी ती आभाळाकडे बघत उभी असायची. ती शून्यात बघत नव्हती. ती माझी वाट बघत होती, आणि मी ते डॉक्टरांना दुखणं म्हणून सांगून आले होते.

मी स्कार्फच्या आत रडले. तिखटाने सगळ्यांच्याच डोळ्यांत पाणी असतं, त्यामुळे कुणाला वेगळं काही वाटलं नाही. निघताना एक बाई फडकं खाली करून म्हणाली, "मॅडम, तुम्हनी पोर आमनापेक्षा जास्त बोलस," आणि लगेच खोकायला लागली.

त्या दिवसापासून आमचं सगळं सुरळीत झालं असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. घरी मी तिच्यासमोर बसून दोन बोटं गळ्यावर आपटली, पाणी हवं का म्हणून विचारलं. तिने माझ्या हाताकडे बघितलं, मग दुसरीकडे तोंड वळवलं. मी मूठ उलटी-सुलटी केली, नाकावर हात धरला, मिशीला पीळ दिला. ती नुसती बघत राहिली. इतके दिवस मी तिचा हात धरून खाली ठेवत आले होते. या बाईशी हाताने बोलायचं नसतं, एवढं ती माझ्याकडून पक्कं शिकली होती. माझे विद्यार्थी शिकवलेलं विसरत नाहीत, याचा मला नेहमी अभिमान वाटायचा.

मी कार्डं माळ्यावर टाकली. शनिवारी पथारीवर जायला लागले, घरी वह्या काढायच्या थांबवल्या. खुणा करताना माझं चुकायचं. एकदा मी मिरची उलटवायची खूण चुकीच्या हाताने केली, तर तिने येऊन माझं मनगट धरलं, हात सोडवला, दुसरा हात उचलून त्याची मूठ वळवली, बोटं एकेक करून दाबली, आणि मागे सरून बघितलं, आता बरोबर आहे का. मी वर्गात मुलांचा पेन्सिलीवरचा हात असाच बसवते. तिने ते करताना माझ्या तोंडाकडे एकदाही बघितलं नाही. शिकवलं, पण बोलली नाही.

मशीनवरच्या तपासणीत कान उत्तम निघाले. डॉक्टरांनी मी नंतर लिहून काढलेली नोंदवही वाचली, दोनदा वाचली, आणि मिशीच्या नोंदीपाशी हसले. "ताई, ही मुलगी गप्पिष्ट आहे," ते म्हणाले. "शब्द येतील मागाहून. नाशिकची गरज नाही." मला हायसं वाटलं, आणि तरी स्कूटीवर ती माझ्यापुढे पाठमोरी उभी असताना वाटत राहिलं की सगळ्या जगाशी गप्पा मारते, माझ्याशी सोडून.

होळीच्या आधी डोंगरातली माणसं परत जातात. होळीला ती आपापल्या पाड्यावर असलीच पाहिजेत, कितीही मजुरी द्या, थांबत नाहीत. त्या दिवशी मी पोहोचले तेव्हा पथारीच्या कडेची झोपडी उतरवलेली होती, नुसत्या चुलीचे दगड होते. सासूबाई म्हणाल्या, दुपारी पिकअपमध्ये बसून गेली सगळी. मुलगी त्यांच्या बोटाला धरून उभी होती. तिने त्या दिवशी आभाळाकडे बघितलं नव्हतं.

घरी आलो. मी चहा ठेवला, ओट्याशी उभी राहिले. मागून माझ्या पदराला ओढ बसली. वळून बघितलं तर ती उभी होती, दोन्ही हात मोकळे करून.

तिने स्वतःच्या कानाची पाळी ओढली. मग दोन्ही हात डोक्यावर नेऊन गाठोडं धरल्यासारखं केलं. मग डोंगर आहेत तिकडे, उत्तरेकडे, हात लांब केला, जितका लांब होईल तितका, टाचा उचलून. मग दोन्ही मुठींनी स्वतःचे डोळे चोळले. कोण रडलं, ती की तू, असं मी घाईने, चुकतमाकत विचारलं. तिने थांबून विचार केला. पाळी ओढली, मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला. दोघी.

एक शब्द न येणारं माझं पोर मला सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय झालं ते सांगत होतं. कोण गेलं, काय घेऊन गेलं, कुठल्या दिशेला गेलं, जाताना कोण रडलं. त्यातलं काहीच आता समोर नव्हतं, आणि तरी तिच्या हातांमध्ये ते सगळं होतं. मी तिच्यापुढे फरशीवर बसले. चहा उतू गेला, गॅस बंद करायला मी उठले नाही. मला वाटलं हललं तर ती थांबेल.

ती थांबली नव्हती. तिने पुन्हा पाळी ओढली, आभाळात हात फिरवला आणि भुवया वर केल्या. ती पोर कधी येणार, ते ती विचारत होती.

सूर्य टॉवरशी आला की, असं मला सांगता आलं असतं. उद्या, असं सांगता आलं असतं. मी पोरांना असं पुष्कळदा सांगते, आणि ती दोन दिवसांनी विसरतात. पण ती माझ्याशी पहिल्यांदा बोलत होती आणि मला तिला खोटं सांगवेना. दिवाळीनंतर ते लोक पुन्हा येतील की नाही, येताना त्या पोरीला आणतील की नाही, कोणाला ठाऊक. ठाऊक नाही याची पथारीवरची खूण मला येत नव्हती. मी दोन्ही तळवे वर केले, रिकामे, आणि मान हलवली.

तिला कळलं. मला दिसलं की तिला कळलं. ती माझ्या मांडीत शिरली आणि मोठ्याने रडायला लागली, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा ती कशासाठी रडते आहे ते मला ठाऊक होतं. मी तिला गप्प केलं नाही.